आऊट ऑफ द पार्क बेसबॉल: आकडे बघून संघ बांधला, तरी गाडी 75 विजयांपुढे का सरकत नाही

आऊट ऑफ द पार्क बेसबॉल हा बेसबॉल संघ चालवण्याचा संगणकावरचा खेळ; तो खेळणाऱ्यांची तक्रार जवळपास नेहमी अशीच असते. तळाचा संघ घेतला, महागडे आणि वय झालेले खेळाडू विकले, ओबीपी (बॅटर आऊट न होता बेसवर पोचण्याचं प्रमाण) आणि होम रन (थेट मैदानाबाहेर मारलेले फटके) बघून स्वस्तातले बॅटर जमवले. पहिल्या वर्षी 65 चे 75 विजय झाले, उत्साह वाढला. दुसऱ्या वर्षी पुन्हा आकडे बघून पाच-सहा जण बदलले, विजय 74. तिसऱ्या वर्षी 77. बॅटिंग लीगमध्ये पहिल्या पाचात, पण ईआरए (पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, क्षेत्ररक्षणाच्या चुकांमुळे गेलेल्या सोडून) खालून तिसरा. मग दर हिवाळ्यात नवे पिचर आणायचे, आणि चांगले म्हणून आणलेले तेही आपल्याकडे आल्याबरोबर बिघडतात. चौथ्या वर्षी मालक नारळ देतो.

पिचर बदलून हे दुखणं जात नाही, कारण बहुतेक वेळा ते पिचरचं नसतंच. खाली ज्या क्रमाने लिहिलं आहे त्याच क्रमाने तपासा. मेन्यूंची नावं आवृत्तीगणिक थोडी बदलतात, पण हे आकडे सगळीकडे सापडतात.

आधी विजय बाजूला ठेवा, धावा बघा

162 सामन्यांचा हंगाम लांबलचक वाटतो, पण नशिबाला त्यातही भरपूर जागा असते. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता बरोबर निम्मी असलेला संघ घेतला, तरी निव्वळ योगायोगाने त्याचे विजय 81 च्या सहा-सात खाली किंवा वर सहज जातात. म्हणजे 75 विजयांचा संघ आणि 87 विजयांचा संघ मुळात एकाच ताकदीचे असू शकतात. आपण मात्र पहिल्याला मोडून टाकतो आणि दुसऱ्याला हात लावत नाही.

म्हणून स्टँडिंग्जच्या (गुणतक्त्याच्या) पानावर पायथागोरियन रेकॉर्ड, म्हणजे धावांवरून काढलेले अपेक्षित विजय, बघा. बेसबॉलचे आकडे अभ्यासणाऱ्या बिल जेम्सचं हे सूत्र सोपं आहे: केलेल्या धावांचा वर्ग, भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. समजा तुम्ही 700 धावा केल्या आणि 760 दिल्या. उत्तर येतं 0.459, म्हणजे 162 सामन्यांत साधारण 74 विजय. तोंडी हिशेब हवा असेल तर दहा धावांचा फरक म्हणजे एक विजय असं धरा. 60 धावा उणे म्हणजे 81 मधून सहा वजा, 75. दोन्ही उत्तरं जवळजवळ सारखीच येतात.

बाल्टिमोर ओरिओल्सचं 2012 साल या बाबतीत डोळे उघडणारं आहे. 93 विजय, प्लेऑफमध्ये प्रवेश, शहरात जल्लोष. धावांचा फरक किती? फक्त अधिक 7. एका धावेने निकाल लागलेल्या सामन्यांत ते 29 जिंकले आणि 9 हरले होते. पुढच्या वर्षी धावांचा फरक अधिक 36 झाला, म्हणजे संघ सुधारला, पण एका धावेच्या सामन्यांचा हिशेब 20 विजय आणि 31 पराभव असा उलटला आणि एकूण विजय 85 वर आले. बुलपेनचा (सामन्यात नंतर येणाऱ्या बदली पिचरांचा) त्यात थोडा हात असतो हे खरं, पण 29–9 कोणी ठरवून पुन्हा करू शकत नाही.

आता स्वतःच्या संघाकडे या. 65 वरून 75 ही पहिल्या वर्षाची उडी धावांच्या फरकात दिसते का? पुष्कळदा दिसत नाही. संघ आधीही 71-72 च्या लायकीचा होता आणि नंतरही 73 च्याच लायकीचा आहे, मधली दहाची उडी हवेतली. तसं असेल तर "गाडी अडकली" ही तक्रारच चुकीची, ती मुळात सुरूच झालेली नाही.

ईआरए आणि एफआयपीमधली दरी: एकाची की सगळ्यांची?

खरी मेख इथे आहे.

एफआयपी हा आकडा पिचरच्या फक्त तीन-चार गोष्टी मोजतो: होम रन, वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळालेला बेस), अंगावर बसलेले चेंडू आणि स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद). होम रनला 13 ने गुणा, वॉक आणि अंगावरच्या चेंडूंना 3 ने, त्यातून स्ट्राइकआऊटची दुप्पट वजा करा, इनिंगने भागा आणि साधारण 3.10 मिळवा. शेवटचा स्थिरांक लीगच्या एकूण धावांप्रमाणे थोडा हलतो. या आकड्यामागची कल्पना व्होरोस मॅकक्रॅकन या आकडे अभ्यासणाऱ्याने 2001 साली गाजवली: बॅटला लागून मैदानात पडलेला चेंडू हिट ठरतो की आऊट, यावर पिचरचा ताबा लोकांना वाटतो त्यापेक्षा फारच कमी असतो. त्या काळी जाणत्या मंडळींनाही ते पटेना. आज त्यात बारीक दुरुस्त्या झाल्या आहेत, पण गाभा टिकून आहे, आणि या खेळाचं इंजिनही त्याच वळणाने चालतं. स्टफ, मूव्हमेंट आणि कंट्रोल ही तीन रेटिंग बघा, त्यांची भाषा एफआयपीचीच आहे: मुख्यतः स्ट्राइकआऊट, होम रन आणि वॉक.

दोन पिचर घ्या, दोघांच्या 180 इनिंग. पहिल्याने 15 होम रन आणि 70 वॉक दिले, पाच जणांना चेंडू मारला, 120 स्ट्राइकआऊट घेतले. एफआयपी 4.10, पण ईआरए 2.95. दुसऱ्याने 20 होम रन आणि 40 वॉक दिले, त्यानेही पाच जणांना मारलं, पण स्ट्राइकआऊट 200. एफआयपी 3.07, ईआरए 4.30. बाजारात पहिल्याची किंमत जास्त, आणि पुढच्या वर्षी चांगला खेळण्याची शक्यता दुसऱ्याची जास्त. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं, आणि दुसरा पिचर विकत घेऊन आपण हुशारी केली असं वाटतं.

गडबड यापुढे होते. एखाद्याच पिचरचा ईआरए त्याच्या एफआयपीच्या वर असेल तर त्याला नशिबाने दगा दिला असं म्हणता येतं. पण तुमच्या पाचही स्टार्टरचा (सामना सुरू करणाऱ्या पिचरचा) आणि अर्ध्या बुलपेनचा ईआरए एफआयपीच्या वर असेल तर? घरात एकाचंच पोट बिघडलं तर तो बाहेर काहीतरी खाऊन आला असेल. सगळ्यांचं बिघडलं तर पाण्याची टाकी बघायची असते. इथे टाकी म्हणजे क्षेत्ररक्षण.

टीम स्टॅटिस्टिक्समध्ये डिफेन्सिव्ह एफिशिएन्सी शोधा. मैदानात पडलेल्या दर शंभर चेंडूंपैकी किती आऊट झाले, एवढंच ती सांगते. आजकालच्या लीगमध्ये सरासरी 0.690 ते 0.700 च्या आसपास असते. समजा लीगची 0.695 आणि तुमची 0.675. दिसायला किरकोळ. पण हंगामात एका संघाविरुद्ध साधारण 4000 चेंडू मैदानात पडतात. त्यातले दोन टक्के म्हणजे 80 जादा हिट. आऊट व्हायचा चेंडू हिट झाला की सरासरी पाऊण धाव जाते. म्हणजे 60 धावा, म्हणजे सहा विजय. 75 आणि 81 मधलं सगळं अंतर याच एका आकड्यात लपलेलं असतं, आणि आपण मात्र पिचर बदलत बसतो. नवे पिचर त्याच फील्डरांपुढे चेंडू टाकतात, त्यांचाही ईआरए फुगतो, आणि फुगलेल्या ईआरएला आपण त्यांना स्वस्तात विकतो. चांगले पिचर महाग घेऊन स्वस्त विकायचा हा उद्योग वर्षानुवर्षं चालू राहतो.

हे दुखणं आकडे बघणाऱ्यालाच जास्त होतं, यात थोडी गंमत आहे. ओबीपी आणि होम रनच्या यादीवर नजर टाकली की स्वस्तात कोण मिळतात? जड, संथ, डावीकडे-उजवीकडे दोन पावलं न हलणारे बॅटर. पहिल्या बेसचे तीन जण होतात, मग एकाला लेफ्ट फील्डला उभं करायचं, एकाला तिसऱ्या बेसला. बॅटिंगमध्ये 40 धावा वाढतात आणि मैदानात 60 जातात.

टँपा बेने 2008 साली काय केलं

यावर खऱ्या बेसबॉलमधलं सगळ्यात चांगलं उदाहरण टँपा बेचं आहे. 2007 साली या संघाने 66 विजय आणि 96 पराभव अशी कामगिरी केली. धावा केल्या 782, दिल्या 944. सूत्रात घातलं तर बरोबर 66 येतात, म्हणजे नशिबाला बोल लावायला जागाच नव्हती. पुढच्या वर्षी 97 विजय आणि थेट वर्ल्ड सीरिज, म्हणजे अंतिम मालिका. केलेल्या धावा किती वाढल्या? वाढल्या नाहीतच, आठने घटून 774 झाल्या. दिलेल्या धावा मात्र 944 वरून 671 वर आल्या. एकाच वर्षात 273 धावा कमी.

पिचर सुधारले, हे आहेच. पण मैदानातले बदल नीट बघा. नोव्हेंबर 2007 मध्ये त्यांनी डेलमन यंगला मिनेसोटाला दिलं आणि बदल्यात पिचर मॅट गार्झा आणि शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) जेसन बार्टलेट घेतले. यंग तेव्हा 22 वर्षांचा, वर्षातला सर्वोत्तम नवोदित निवडताना दुसरा आलेला, सरासरी 0.288, 93 आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेल्या धावा). वरवर बघणाऱ्याला हा ट्रेड वेडेपणाच वाटला असता. पण त्याच यंगने सगळेच्या सगळे 162 सामने खेळून फक्त 26 वॉक घेतले होते आणि 127 वेळा स्ट्राइकआऊट झाला होता. ओबीपी 0.316. बार्टलेट बॅटिंगमध्ये साधाच, पण शॉर्टस्टॉपला खरा शॉर्टस्टॉप आला. तिसऱ्या बेसवरच्या अकिनोरी इवामुराला दुसऱ्या बेसला हलवलं आणि तिसऱ्या बेसची जागा एप्रिलमध्ये इव्हान लाँगोरियाला मिळाली. सेंटर फील्डला बी. जे. अप्टन, जो आदल्या हंगामाच्या सुरुवातीला दुसऱ्या बेसला चाचपडत होता. डिफेन्सिव्ह एफिशिएन्सीत हा संघ तळातून थेट शेंड्यावर गेला.

या बदलांपैकी बहुतेकांना पैसे लागले नाहीत. जागा बदलल्या.

आकडे बघून स्वस्तात संघ बांधणाऱ्या ऑकलंडचं 2002 साल सगळ्यांना तोंडपाठ असतं: 103 विजय, सलग 20 सामने, आणि कोपराच्या दुखापतीमुळे कॅचरचा पहिल्या बेसला आलेला स्कॉट हॅटेबर्ग. त्यातली वॉक घेणाऱ्या स्वस्त बॅटरांची गोष्ट लोक उचलतात. त्याच संघात टिम हडसन, मार्क मल्डर आणि त्या वर्षीचा साय यंग (सर्वोत्तम पिचर) पुरस्कार विजेता बॅरी झिटो असे प्रत्येकी 200 हून अधिक इनिंग टाकणारे तिघे होते, आणि शॉर्टस्टॉपला त्याच वर्षीचा एमव्हीपी (सगळ्यात मोलाचा खेळाडू) मिगेल तेहादा होता, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. नुसते हॅटेबर्ग गोळा केलेत तर 75 विजयच होणार.

खेळात हे दुरुस्त कसं करायचं

पहिलं काम शॉर्टस्टॉप, सेंटर फील्ड, कॅचर आणि दुसरा बेस, या चार जागांचं. तिथल्या खेळाडूंची पोझिशन रेटिंग उघडा आणि रेंज बघा. एररचा आकडा लक्ष वेधून घेतो, पण चेंडूपर्यंत पोचलाच नाही तर एरर कुठून होणार? एरर कमी आणि रेंज कमी असा शॉर्टस्टॉप हा संघाचा छुपा खर्च असतो. झोन रेटिंगचा आकडा खेळाडूने क्षेत्ररक्षणात वाचवलेल्या धावा सांगतो, पण एका हंगामाचा असेल तर तो बराच इकडेतिकडे उडतो. रेटिंग आणि दोन-तीन हंगामांचं झोन रेटिंग एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच विश्वास ठेवा.

या जागांवर बॅटिंग थोडी कमी चालते, आणि ती किती कमी चालते हेही मोजता येतं. वॉर (फुकट मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा एखादा किती विजय जास्त देतो तो आकडा) काढताना जागेनुसार जी भर-घट करतात, त्यात शॉर्टस्टॉपला पूर्ण हंगामात सुमारे साडेसात धावा मिळतात आणि पहिल्या बेसला साडेबारा कापल्या जातात. फरक 20 धावांचा, म्हणजे दोन विजयांचा. पहिल्या बेसवाला आणि शॉर्टस्टॉप यांची बॅटिंग अगदी सारखी असेल तर शॉर्टस्टॉप वर्षाला दोन विजय जास्त देतो. आणि शॉर्टस्टॉपला उभा केलेला खेळाडू तिथे नीट खेळतच नसेल तर ती भर झोन रेटिंगमधून परत वसूल होते, त्यामुळे कागदी शॉर्टस्टॉपचा उपयोग नाही.

जागा बदलताना घाई नको. नव्या जागेचा अनुभव या खेळात हळूहळू चढतो, म्हणून बदल स्प्रिंग ट्रेनिंगच्या (हंगामाआधीच्या सरावाच्या) सुरुवातीलाच करा. ऑगस्टमध्ये तिसऱ्या बेसवाल्याला अचानक सेकंडला उभं करून "क्षेत्ररक्षण सुधारत नाही" म्हणण्यात अर्थ नाही. चेंडू जमिनीवरून मारायला लावणारे पिचर तुमच्याकडे जास्त असतील तर आधी इनफील्ड (बेसजवळचं क्षेत्ररक्षण) दुरुस्त करा; चेंडू हवेत चढवून घेणारे असतील तर आधी सेंटर फील्ड.

बॅटरचे कुठले आकडे पुन्हा येतात

बॅटिंग ॲव्हरेजचा मोह आपल्याकडच्या माणसाला जरा जास्तच, क्रिकेटमुळे. पण क्रिकेटची सरासरी धावा सांगते, इथली ॲव्हरेज फक्त हिट होण्याचं प्रमाण सांगते. वॉक तिच्या खिजगणतीत नाही, आणि सिंगल आणि होम रन तिच्या लेखी सारखेच. धावांच्या हिशेबात वॉकची किंमत सुमारे 0.3 धाव, सिंगलची साधारण 0.47, डबलची पाऊण धावेच्या थोडी वर आणि होम रनची 1.4. त्यामुळे 0.300 ॲव्हरेज, 0.325 ओबीपी आणि 0.400 स्लगिंग (दर ॲट-बॅटमागे फटक्यांनी मिळवलेले बेस) असलेला खेळाडू 0.245, 0.360 आणि 0.430 वाल्यापेक्षा कमी कामाचा असतो. ओपीएसही (ओबीपी अधिक स्लगिंग) दोन्ही आकडे समान धरतो, जेव्हा ओबीपीतल्या एका पॉइंटची किंमत स्लगिंगच्या पॉइंटच्या पावणेदोन-दोनपट असते. वोबा किंवा डब्ल्यूआरसी प्लस (बॅटिंगची धावांतली किंमत मोजणारे आकडे) दिसत असेल तर सरळ तेच वापरा.

नमुना किती मोठा आहे याचं भान मात्र सगळ्यात महत्त्वाचं. मुळात 0.270 चा असलेला बॅटर 100 ॲट-बॅटमध्ये (वॉक वगैरे सोडून मोजलेल्या खेळींमध्ये) निव्वळ योगायोगाने 0.226 किंवा 0.314 असा दिसू शकतो. 500 ॲट-बॅटमध्येही 20 पॉइंट इकडेतिकडे होणं काहीच विशेष नाही. उलट स्ट्राइकआऊटचं प्रमाण 60 प्लेट अपिअरन्सच्या (वॉकसकट सगळ्या खेळींच्या) सुमाराला बऱ्यापैकी बोलू लागतं, वॉकचं 120 च्या सुमाराला, होम रनचं 170 च्या आसपास. बॅटरचा बॅबिप, म्हणजे मैदानात पडलेल्या चेंडूंवरची सरासरी, असे आठशेवर चेंडू पडल्याशिवाय विश्वासाची होत नाही, आणि तेवढे पडायला जवळपास दोन हंगाम लागतात.

म्हणून मेअखेर कोणी 0.340 मारत असेल तर आधी वॉक आणि स्ट्राइकआऊट बघा. ते मागच्या वर्षीसारखेच असतील आणि बॅबिप 0.400 असेल, तर तो तोच जुना खेळाडू आहे. विकायचा असेल तर आत्ता विका. स्ट्राइकआऊट निम्मे झाले असतील तर मात्र खरंच काहीतरी बदललं आहे, त्याला धरून ठेवा.

आणि हो, आकड्यांत अजून न उतरलेला बदलही असतो. ह्यूस्टनने मार्च 2014 मध्ये जे. डी. मार्टिनेझला मोकळं सोडलं, कारण त्यांच्याकडच्या तीन हंगामांचे त्याचे आकडे सुमार होते. त्याने मात्र त्याच हिवाळ्यात आपला स्विंग नव्याने बांधला होता. डेट्रॉइटसाठी त्याच वर्षी त्याने 0.315 ॲव्हरेजने 23 होम रन मारले. आकडे बघून चालणाऱ्या जगातल्या एका नावाजलेल्या व्यवस्थापनाच्या हातून हे झालं. या खेळात असा बदल रेटिंगच्या अचानक उडीतून दिसतो. म्हणून कोणालाही मोकळं सोडण्याआधी त्याचा अलीकडचा स्काऊटिंग रिपोर्ट जुन्याशी ताडून बघा.

मैदान आणि लीग

हे थोडक्यात. डेन्व्हरचं कूअर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे 1600 मीटरवर आहे; विरळ हवेत चेंडू लांब जातो, आणि मैदानही प्रचंड मोठं असल्याने मोकळ्या जागेत हिट पडतात. तिथल्या बॅटरचे कच्चे आकडे बघून खरेदी करू नका आणि तिथल्या पिचरला कच्च्या ईआरएवरून नाकारू नका. 100 म्हणजे लीगची सरासरी असे जे "प्लस" आकडे असतात त्यांत मैदान आणि लीगची दुरुस्ती आधीच झालेली असते. स्वतःच्या मैदानाचे पार्क फॅक्टरही (मैदान बॅटिंगला किती मदत करतं ते आकडे) डावखुऱ्या आणि उजव्या बॅटरसाठी वेगळे दिलेले असतात, तेवढे वाचून मग बॅटर निवडा. मायनर लीगमध्ये मैदानाबरोबर वयही बघा: सिंगल-ए या खालच्या पायरीवर 24 वर्षांचा पोरगा 0.330 मारत असेल तर तो लहान मुलांत खेळतोय इतकंच.

सेटिंग तपासा, मग कपाळाला हात लावा

कधी कधी सगळं बरोबर असतं आणि अडचण सेव्ह फाईलच्या सेटिंगमध्ये असते.

संगणकाचे जनरल मॅनेजर खेळाडूंची किंमत ठरवताना रेटिंगला किती वजन देतात आणि चालू, मागच्या आणि त्याआधीच्या वर्षाच्या आकड्यांना किती, हे लीग सेटिंगमध्ये टक्केवारीने ठरवता येतं. चालू वर्षाच्या आकड्यांना वजन जास्त असेल तर वर सांगितलेली खरेदी-विक्री जोरात चालते: फुगलेला बॅबिप विका, फुगलेला ईआरए विकत घ्या. सगळं वजन रेटिंगलाच असेल तर समोरचा संघ तुमच्या 0.340 वाल्याला भुलणार नाही, आणि इथे आकड्यांची हुशारी ट्रेडमध्ये चालत नाही म्हणून वैतागू नका. तिथे फायदा दुसरीकडे शोधावा लागतो: क्षेत्ररक्षणात, जागांच्या अदलाबदलीत, बाकावरच्या गड्यांत.

स्काऊटिंगची अचूकता कमी ठेवली असेल तर तुम्हाला दिसणारी रेटिंग हा अंदाज आहे. तुमच्या स्काऊटचं मत आणि ओएसएचं (खेळातल्या तटस्थ स्काऊटिंग संस्थेचं) मत शेजारी ठेवा. दोघं एकमेकांपासून लांब असतील तर तिथे मेजर लीगमधले आकडे पंच ठरतात. रेटिंग पूर्ण बंद करून फक्त आकड्यांवर खेळता येतं आणि त्यात मजाही आहे, पण पहिलीच पुनर्बांधणी तशी करायला जाऊ नका.

टॅलेंट चेंज रँडमनेस (खेळाडूंची क्षमता अचानक किती बदलावी ते सेटिंग) 100 च्या बराच वर असेल तर प्रॉस्पेक्टवर (होतकरू तरुण खेळाडूंवर) बांधलेले मनोरे जास्त कोसळतात. अशा फाईलमध्ये प्रॉस्पेक्ट लवकर विकलेले बरे.

वय, करार आणि मालकाचा धीर

बॅटरचा बहर साधारण 26 ते 28 या वयात असतो. मेजर लीगमध्ये सहा वर्षं सेवा झाल्यावर फ्री एजन्सी (कुठल्याही संघाशी करार करायची मोकळीक) मिळते, म्हणजे बाजारात येणारा खेळाडू बहुतेक वेळा तिशीच्या उंबरठ्यावर असतो. त्याचे आकडे मागचे, पैसे पुढचे. क्रिस डेव्हिसने 2013 साली 53 होम रन मारले, जानेवारी 2016 मध्ये बाल्टिमोरने त्याला सात वर्षांसाठी 16 कोटी 10 लाख डॉलर कबूल केले, आणि 2018 साली त्याची ॲव्हरेज 0.168 झाली. त्या वर्षी बाल्टिमोर 115 सामने हरलं. 75 विजयांवर असताना असा एक करार केला की पुढची चार वर्षं हात बांधलेले.

पैसे ओतायचे तर भोकं बुजवण्यात ओता. वेव्हर्सवर (इतर संघांनी सोडलेल्यांच्या यादीत) फुकट मिळणाऱ्या खेळाडूंनी भरलेला संघ साधारण 48 सामने जिंकतो असं वॉरचा हिशेब धरतो. 90 हवे असतील तर 42 वॉर जमवायचा. सहा-सहा वॉरचे तीन तारे आणले तरी 18 होतात; उरलेले 24 रोजच्या गड्यांकडून यायला हवेत. रोज खेळणारे तीन जण शून्याखाली असतील तर त्यांच्या जागी दीड-दीड वॉरचे साधे, स्वस्त खेळाडू आणणं हा सगळ्यात कमी खर्चाचा इलाज. वॉरच्या यादीत वर कोण आहे हे सगळे बघतात, तुम्ही ती यादी उलटी लावून बघा.

मुद्दाम हरून ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) वरचा नंबर मिळवायचा विचार असेल तर मालकाच्या अपेक्षांचं पान आधी वाचा. ह्यूस्टन 2012 आणि 2013 या दोन वर्षांत 107 आणि 111 सामने हरलं तेव्हा मालक सोबत होता. बाल्टिमोरला 2018 च्या त्या 115 पराभवांपासून 2023 च्या 101 विजयांपर्यंत यायला पाच वर्षं लागली. खऱ्या लीगमध्ये तर आता पहिल्या काही ड्राफ्ट क्रमांकांसाठी सोडतही निघते, म्हणजे हरूनही पहिला नंबर नक्की नाही. तुमच्या फाईलमधल्या मालकाचा धीर दोन वर्षांचा असेल तर हा रस्ता बंद समजा.

आत्ता जुलै चालू असेल आणि संघ निम्म्या विजयांच्या आसपास रेंगाळत असेल, तर ट्रेड डेडलाइनपूर्वी एवढंच करा: धावांचा फरक, डिफेन्सिव्ह एफिशिएन्सी आणि प्रत्येक पिचरची ईआरए-एफआयपी दरी एका कागदावर उतरवा. दरी सगळ्यांचीच असेल तर एकही पिचर विकू नका, आणि मधल्या चार जागांपैकी जी सगळ्यात कमजोर आहे तिथे आधी माणूस आणा, मग तो 0.240 का मारत असेना.